गावातल्या दिव्यांगांसाठी काम सुरू करताना: काय आधी, काय नंतर

मोबाइलमध्ये योजनांच्या पीडीएफ भरून गावात शिरलेल्या नव्या कार्यकर्त्याची पहिल्याच घरात पंचाईत होते. ज्याला तीनचाकी मिळवून द्यायची, त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं. प्रमाणपत्रासाठी अर्ज भरायला बसावं, तर आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसतो. आधार केंद्र तालुक्याला, आणि तालुक्याला न्यायचं कसं, हा तर मूळ प्रश्न. योजना भरपूर आहेत, पण क्रम चुकला की एकही हाती लागत नाही. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात हे काम नव्याने हाती घेणाऱ्या कुणासाठीही: बचतगटातल्या ताई, आशा, ग्रामपंचायत सदस्य, किंवा ज्यांच्या स्वतःच्या घरात दिव्यांग माणूस आहे ते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यातले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहतात. तपासणारे डॉक्टर, थेरपिस्ट, विशेष शाळा मात्र बहुतेक जिल्ह्याच्या गावी. तुमचं बरंचसं काम या दोघांमधलं अंतर कापण्याचं आहे.

आधी माणसं शोधा

ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांची यादी असायला हवी. ती मागून घ्या, पण तिच्यावर विसंबून राहू नका. बऱ्याचदा यादीत तेच असतात ज्यांचं दिव्यांगत्व लांबून दिसतं: कुबडीवाला, पूर्ण अंध असलेला. बाकीचे घरात असतात.

"घरात कुणी अपंग आहे का?" असं दारात उभं राहून विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. घरचे खोटं बोलत असतात असं नाही. दिसेनासं झालेली आजी त्यांच्या लेखी फक्त म्हातारी झालेली असते. भिंतीकडे बघत बसणारा थोरला मुलगा "जरा तसाच" असतो. आणि लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिचं नाव कुठल्याही यादीत नकोच असतं. म्हणून प्रश्न बदला. वॉशिंग्टन ग्रुप या नावाने ओळखला जाणारा सहा प्रश्नांचा एक संच जगभर सर्वेक्षणांत वापरतात. तो आपल्या बोलीत असा विचारता येतो: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, एका कामात मन लावायला? अंघोळ, कपडे अशी आपली कामं करायला? आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. "खूप" किंवा "जमतच नाही" असं उत्तर आलं की त्या घरी पुन्हा निवांत जायचं.

आणखी एक गोष्ट पाठच करून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकूण २१ प्रकार आहेत. हात-पाय, डोळे, कान यांच्या पलीकडे त्यात दीर्घ मानसिक आजार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, बरा झालेला कुष्ठरोग, ॲसिड हल्ल्याचे बळी हेही येतात. सिकलसेल हा रक्ताचा आजारही येतो. विदर्भात, नंदुरबारकडे काम करणार असाल तर या एका शब्दाने तुमची यादी बरीच लांबेल, कारण ज्यांना तो आजार आहे त्यांच्या घरी आपण या कायद्यात बसतो हे अनेकदा माहीतच नसतं.

घरी गेल्यावर

बोलायचं ते त्या माणसाशी. साधी वाटणारी ही गोष्ट पाळायला सगळ्यात अवघड जाते, कारण तुम्ही विचारता त्याला आणि उत्तर देते त्याची आई, भाऊ किंवा शेजारची काकू. त्यांचं ऐकून घ्या आणि मान पुन्हा त्याच्याकडे वळवा. तो खाटेवर असेल तर खाली बसा. ऐकू न येणाऱ्या मुलीसमोर उजेडात बसा, तोंडावर हात न ठेवता, नेहमीच्या गतीने बोला आणि घरातले तिच्याशी कोणत्या खुणांनी बोलतात ते बघून ठेवा. मतिमंदत्व असलेल्या तरुणाला एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.

त्याला काय हवंय ते आधी ऐका. आपण व्हीलचेअर डोक्यात घेऊन जातो आणि त्याला हवी असते रात्री एकट्याने शौचाला जायची सोय. नजर गेलेल्या काकांच्या खाटेपासून शौचालयाच्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर एक नायलॉनची दोरी ताणून बांधली, वाटेतला दगड आणि बादली कायमची हलवली, दोरी संपते तिथे एक जाड गाठ मारली, की काकांना सुनेला हाक मारावी लागत नाही. त्यासाठी अर्ज नाही, दाखला नाही. पहिल्या भेटीत असं एखादं काम झालं तर पुढच्या सरकारी खेपांसाठी घरचे तुमच्या सोबत येतात. निव्वळ "योजना आणून देतो" म्हणणारे त्यांनी आधी बरेच पाहिलेले असतात.

कागद

प्रत्येक माणसाची एक प्लॅस्टिकची पिशवी करा: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा, अलीकडचे फोटो, आणि आजवरचे दवाखान्याचे सगळे कागद. जुने केसपेपर, एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या घरचे "आता काय उपयोग" म्हणून टाकून देतात. प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे नेमके तेच लागतात, विशेषतः मानसिक आजाराच्या बाबतीत.

मग नावं ताडून बघा. आधारवर एक नाव, पासबुकवर दुसरं, दाखल्यावर वडिलांचं नाव भलतंच, हा घोळ जवळपास प्रत्येक घरात निघतो. तो प्रमाणपत्राच्या आधी मिटवा, कारण प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव आलं की पुढे प्रत्येक टेबलावर तेच निस्तरावं लागतं. बोटांचे ठसे येत नाहीत, हातच नाहीत, डोळ्यांची बुबुळं टिपता येत नाहीत, अशांची आधार नोंदणी बायोमेट्रिक अपवाद म्हणून होते. केंद्रचालक "होणार नाही" म्हणाला तर हा शब्द वापरा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन नोंदणी करण्याचीही सोय आहे.

बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. अनुदान थेट खात्यात येतं, आणि जोडणी नसेल तर मंजूर झालेले पैसेही लटकतात.

बोर्डाचा दिवस

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांसाठी अर्ज ऑनलाइन, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. सरकारची यासाठी काही फी नाही. सेवा केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेईल, तेवढेच. अर्जात तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. जिल्हा रुग्णालय, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, काही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय असे पर्याय दिसतात. जवळचं दिसलं म्हणून निवडू नका. तिथे त्या प्रकारची तपासणी होते का, हे फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा. हाडांचे डॉक्टर असतील, पण मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर फेरी वाया. अर्ज झाल्यावर मोबाइलवर नोंदणी क्रमांक येतो. तो पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवा. ज्या मोबाइलवर आला तो मुंबईला गेलेल्या पुतण्याचा असतो.

बोर्डाचे वार ठरलेले असतात, आणि डोळ्यांचा वार एक, हाडांचा दुसरा असंही असतं. सकाळी केसपेपरची रांग लवकर लागते, तेव्हा पहिल्या एसटीने निघणं किंवा चार-पाच जणांनी मिळून जीप करणं हे दोनच मार्ग उरतात. मला दुसरा बरा वाटतो, पण एकाच प्रकारची तपासणी असलेल्यांनाच एका गाडीत घ्या. अंध काकांचं बाराला उरकलं आणि मतिमंदत्व असलेल्या पोराची बुद्ध्यांक चाचणी संध्याकाळपर्यंत लांबली, तर सगळी गाडी ताटकळते. बरोबर भाकरी, पाणी, नेहमीच्या गोळ्या, आणि लागत असेल तर डायपर किंवा जादा कपडे. रुग्णालयातलं शौचालय वापरण्याजोगं असेलच असं नाही. बायकांसोबत एक बाई असलीच पाहिजे.

काही तपासण्या त्याच दिवशी होत नाहीत. लहान बाळाच्या कानाची बेरा चाचणी किंवा बुद्ध्यांक चाचणी यांना बहुधा पुढची तारीख मिळते. घरच्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर "हाकलून दिलं" असं समजून ते पुन्हा येत नाहीत.

टक्केवारीला फार महत्त्व आहे. ४० टक्के किंवा अधिक असेल तरच बहुतेक योजनांचं दार उघडतं. म्हणून घाबरून कुणी लंगडून दाखवू नये आणि लाजून कुणी बरं असल्याचं नाटकही करू नये. दुसरा प्रकार पहिल्याइतकाच आढळतो. रोज दोनदा पडणारी मावशी डॉक्टरांपुढे "काही नाही, चालतं माझं" म्हणते. काय जमत नाही हे घरीच कागदावर लिहून काढा आणि डॉक्टरांना द्या. टक्का चुकीचा लागला असं वाटलं तर २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. दारात भेटणाऱ्या एजंटाकडून "टक्का वाढवून" घेण्याच्या भानगडीत पडू नका. बोगस प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या होतात आणि तेव्हा अडकतो तो दिव्यांगच, एजंट नाही.

पैसे कुठून येतात

प्रमाणपत्र हातात आलं की पहिला अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा, तहसील कार्यालयात. वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिन्याला २,५०० रुपये मिळतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

दुसरा पैसा गावातच असतो आणि त्याच्याबद्दल गावात सगळ्यांत कमी बोललं जातं. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे, म्हणजे घरपट्टी, बाजार, गाळाभाडं वगैरेंतून जमणाऱ्या पैशांचे, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही असाच नियम आहे. चार लाख उत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतीत हे वीस हजार होतात. रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच गावांत ती मार्चअखेरीस सगळ्यांना सारखी वाटून मोकळे होतात, माणशी काहीशे रुपये. माझं मत असं की निदान अर्धी रक्कम एकत्र ठेवून कायमचं काहीतरी करावं: शौचालयाला आडवे पाइप, कमोडची खुर्ची, शाळेला उतार. पण हे दिव्यांगांनीच बसून ठरवायचं. ज्याच्या घरात औषधालाच पैसे नाहीत त्याला उताराचं व्याख्यान देऊ नये. ग्रामसेवकाकडे आधी तोंडी विचारा, मग लेखी. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. गेल्या तीन वर्षांचं स्व-उत्पन्न आणि ५ टक्क्यांतून झालेला खर्च, एवढंच मागा. अर्ज पडला की पुष्कळदा तोंडी उत्तरही लगेच मिळतं.

एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. याच चार प्रकारांतलं मूल १८ वर्षांचं झालं की बँक आणि जमिनीच्या व्यवहारांना कायदेशीर पालक लागू शकतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती नेमते.

साधनं: मोजल्याशिवाय घेऊ नका

केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर, तीनचाकी, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, पांढरी काठी मिळते. बहुतेकदा अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं होतात: आधी तपासणी आणि मोजमाप, काही महिन्यांनी वाटप. वाटपाच्या दिवशी मंडप, पाहुणे, फोटो असतो. महत्त्वाचं शिबिर पहिलं. तिथे नाव नसेल तर वाटपाला जाऊन काही मिळत नाही.

खुर्ची ताब्यात घेण्यापूर्वी माणसाला तिच्यात बसवा. मांडी आणि बाजूची फळी यांच्यात दोन बोटं जावीत, अख्खा हात नाही. पाय पाटीवर टेकावेत. सैल खुर्चीत माणूस एका कुशीला कलतो, आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला काही दिवसांत बैठकीवर जखम होते. अशा माणसाला अर्ध्या तासाच्या आत एकदा तरी हातांवर भार देऊन उचलून घ्यायला किंवा कूस बदलायला शिकवा, आणि घरच्यांना रोज संध्याकाळी पाठीखाली, माकडहाडावर लाली दिसते का ते बघायला सांगा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती जागा पूर्ण मोकळी ठेवायची आणि आरोग्य केंद्र गाठायचं. या जखमांनी माणसं दगावतात.

आणि रस्ता बघा. चढाच्या वस्तीवर हाताने चालवायची तीनचाकी आठवड्यात गोठ्यात जाते.

मुलं

कायद्याने दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुख्याध्यापक "विशेष शाळेत टाका" म्हणाले तरी प्रवेश नाकारता येत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा. अगदी घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलासाठी घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. सहा वर्षांखालच्या बाळांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा करतं. सेविकाताईंना तारीख विचारून संशय असलेलं बाळ त्या दिवशी हजर ठेवा. लवकर सापडलेल्या बाळाचं पुढचं फार बदलतं.

चारचौघांत

पैसे आणि खुर्ची मिळूनही माणूस घरातच राहिला, असं सर्रास होतं. ग्रामसभा वरच्या मजल्यावर, लग्नाच्या पंगतीत त्याचं ताट घरी पाठवलेलं. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत केव्हाच संपली. ग्रामपंचायत, शाळा, उपकेंद्र, रेशन दुकान या चार ठिकाणी खुर्ची घेऊन स्वतः जाऊन या आणि जिथे अडलात तिथला फोटो काढा.

उताराचं माप एकास बारा. ओटा दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब लागतो. गवंडी जागा वाचवायला आठ फुटांत उरकतो, आणि मग त्या घसरगुंडीवरून शाळेतली पोरं सोडून कुणी जात नाही. जागा नसेल तर उतार वळवून घ्या. पृष्ठभाग खरबरीत, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर दारापाशी खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. सगळं झाल्यावर दारात तीन इंची उंबरा राहिला तर सगळं फुकट, आणि तो राहतोच, म्हणून मुद्दाम बघा.

ग्रामसभेच्या आधी विषय लेखी द्या आणि सभा तळमजल्यावर किंवा मोकळ्यावर घ्यायला सांगा. बोलायला दिव्यांगालाच उभं करा. आदल्या दिवशी घरी दोन वाक्यांचा सराव पुरतो: "पाच टक्के किती होतात? कशावर खर्च केले?" त्याचं बोलणं अडखळत असेल तर तुम्ही मध्ये पडून वाक्य पुरं करू नका. ठराव झाला तर तो त्याच शब्दांत वहीत उतरला का, ते सही होण्याआधी वाचून घ्या.

बायकांसाठी गावातला बचतगट ही सगळ्यात सोपी वाट. आधी चालू गटात जागा मागा. नाहीच जमलं तर उमेद या राज्याच्या बचतगट अभियानात दिव्यांगांचा वेगळा गट पाच जणांचाही होतो. मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद करून घेतली की मतदानाच्या दिवशी मदत मागता येते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभेला घरून मतदानाचा पर्यायही होता.

अडलं तर

तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा चढत्या क्रमाने लेखी अर्ज द्या आणि प्रत्येकाची पोच ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. दिव्यांगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक वही ठेवा, माणशी एक पान. त्यावर दोन तारखा लाल शाईने लिहा. पहिली, प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत संपण्याची. लहान मुलांना आणि मानसिक आजाराला बहुधा तात्पुरतंच मिळतं, आणि मुदत संपली की अनुदान बंद पडतं. दुसरी, तहसीलला वर्षातून एकदा द्यायच्या हयातीच्या दाखल्याची. दोन्हींच्या तीन महिने आधी त्या घरी चक्कर मारा. बोर्डाची पुढची तारीख मिळायला तेवढे दिवस जातातच.